चालू अवस्थेत

कॉम्प्युटर सुरू होत नाही असा फोन नागपुरातल्या सदर भागातल्या ऑफिसात आला, तेव्हा जयवंता डबा उघडून बसली होती. कृष्णकांत साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"रामदासपेठ. डॉक्टर गिरिधर. कालच तर देऊन आलो ना आपण?"

"काल चालू करून दाखवला होता मी," जयवंता म्हणाली. "रिसेप्शनमध्ये. खोली साफ करून मग आत नेऊ म्हणाले."

"मग नेताना प्लग ढिला झाला असन. जा, पाहून ये."

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना होता. त्या दिवसांत नागपुरात कॉम्प्युटर आला की शेजारपाजारचे लोक तो पाहायला यायचे, आणि तो दुरुस्त करायला मुलगी आली की मुलीलाही पाहायचे. "इंजिनियर केव्हा येणार?" हे वाक्य जयवंताने दारोदार ऐकलं होतं. ती मूळची नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडिलांचा, चंद्रभानचा, संत्र्याचा बगीचा. विहिरीवरची मोटर अडली की पाना हातात घेऊन वडिलांच्या बाजूला बसायची, तेव्हापासून तिला तो नाद लागला. बंद पडलेली वस्तू समोर आली की तिला दुसरं काही सुचायचं नाही. वस्तू अडते तेव्हा कारण असतं. कारण दिसत नसेल तर आपण नीट पाहिलं नाही, एवढं साधं तिचं गणित होतं.

तोंडाला ओढणी बांधून तिने लुना काढली आणि भर उन्हात रामदासपेठ गाठली.

डॉक्टरांचं प्रसूतिगृह त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. पिवळा चुना दिलेली दुमजली इमारत, पुढे कडूनिंब, दारात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. आत फिनाइलचा आणि उकळलेल्या दुधाचा वास. रिसेप्शनशेजारी स्टुलावर एक वृद्ध बाई गॉजच्या पट्ट्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. त्या डॉक्टरांच्या आई, यमुताई. दवाखाना मुलाचा, पण आयाबाया विचारायच्या यांना.

"तू इंजिनियर?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हो."

"बरं झालं. ऊन लागलं असेल, आधी पाणी पी. मग जा आत." आणि पुन्हा घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "गिरिधरला मी सांगितलं होतं, त्या खोलीत नको ठेवू म्हणून."

ती खोली लांब बोळाच्या टोकाला होती. जाड भिंती, खिडकी नाही, वर छताजवळ एक झरोका. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत माठाजवळ उभं राहिल्यासारखा गारवा. उजेड होता तो बोळातल्या ट्यूबलाइटचा, दारातून आत पडलेला. खोलीत एक नवं टेबल आणि त्यावर जयवंताने काल हसतं-खेळतं सोडलेलं मशीन.

तिने बटण दाबलं. काहीच नाही. पंख्याचा आवाजसुद्धा नाही.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. उंच, थकलेला, बोलायला मऊ माणूस. "धूळ नाही, ऊन नाही, दाराला कुलूप आहे," ते म्हणाले. "तुमच्याच साहेबांनी सांगितलं होतं, मशीनला गारवा पाहिजे. मी मुद्दाम नवं वायरिंग करून घेतलं."

तिने सॉकेटमध्ये टेस्टर घातला. दिवा लागला नाही. "वायरिंगच गेलं आहे," ती म्हणाली आणि तिला हायसं वाटलं. रिसेप्शनमधून लांब वायर ओढून आणली. बोळात त्या वायरला टेबललॅम्प लावून पाहिला, लागला. लॅम्प बंद करून तीच वायर, तोच लॅम्प आत नेला, लागेना. पुन्हा बोळात, लागला.

मग तिने मशीन उचलून बोळात आणलं. टिक्‌ असा आवाज करून ते जागं झालं आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. तिने ते रीतसर बंद केलं, कारण चालू मशीन जागचं हलवायचं नाही हा त्या धंद्यातला पहिला धडा, आणि आत नेऊन पुन्हा लावलं.

मेलेलं.

पॉवर सप्लाय बदलला. केबल बदलली. शेवटी मशीन रिक्षात घालून सदरला नेलं. तिथे ते दिवसचे दिवस एकदाही न अडता चाललं. कृष्णकांत साहेब म्हणाले, "मग रोग काय आहे?"

"मशीनमध्ये रोग नाही," जयवंता म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिने ऑफिसातलं दुसरंच मशीन नेलं. तेही आत मुकं झालं. तेव्हा तिने मशीन बाजूला ठेवलं आणि मीटर काढला. बोळात मीटरच्या दोन्ही तारा वायरच्या सॉकेटमध्ये खोवल्या. काटा झटक्यात वर गेला आणि थांबला. तारा न काढता, मीटर आणि सॉकेट दोन्ही हातांत धरून ती उंबरठा ओलांडून आत गेली.

काटा वरच होता.

म्हणजे खोलीत वीज येत होती. तिने एक तार सोडवली. काटा खाली आला नाही. तिने मीटर हलवला, त्यावर टिचकी मारली, तरी काटा तसाच. ती बोळात गेली, काटा शून्यावर पडला. पुन्हा आत येऊन तिने दोन्ही तारा नीट खोवल्या आणि पाहत राहिली. आता काटा शून्यावरून उठेना.

उन्हातून येताना आलेला घाम अजून तिच्या कपाळावरून वाहत होता. खोली एवढी गार, आणि घाम थांबत नव्हता.

"माचिस ओढून पाहा," मागून आवाज आला. यमुताई बोळात उभ्या होत्या. त्यांनी काडेपेटी पुढे केली, पण पाऊल आत टाकलं नाही.

जयवंताने काडी ओढली. मग दुसरी. मग तिसरी. गुलाचा वास आला, ठिणगी नाही.

"ये बाहेर."

बोळात पहिल्याच काडीने पेट घेतला. यमुताईंनी फुंकर मारून ती विझवली आणि भिंतीला टेकून त्या बोलल्या.

"गिरिधरच्या वडिलांनी इथं बाळंतपणाची खोली केली होती. पहिलंच बाळ झालं ते रडलंच नाही. काळंनिळं पडलं. सुईण घाबरून त्याला घेऊन बाहेर पळाली, तर इथं, या बोळात टाहो फोडला त्यानं. मग ही खोली बंद केली. मी मात्र येत होती. हे गेले त्या वर्षी रोज येऊन बसत होती. इथं रडू येत नाही वं. कितीही आत दाटलं तरी सुरूच होत नाही. बरं वाटे."

"मग आता काहून येत नाही?" जयवंताच्या तोंडून गावची बोली निघून गेली.

"एक दिवस बाहेरच रडू फुटलं आणि मी तशीच आत शिरली." यमुताईंनी काडेपेटी कनवटीला खोचली. "थांबेचना. घसा कोरडा पडला, डोळ्यांतून पाणी येईना, तरी रडूनच राहिली होती मी. दुखणं सरलं होतं, रडणं सरेना. दोघीतिघींनी ओढून बाहेर काढलं तेव्हा थांबलं. त्या दिवसापासून ही पायरी मी शिवत नाही."

"डॉक्टरांना सांगितलं तुम्ही?"

"हसला. म्हणे, आई, ते तुझं मन आहे."

जयवंताला भीती वाटायला हवी होती. पण तिला आला तो राग. एक खोली उठते आणि तिचं मशीन अडवते, याचा राग. ऑफिसात तिने साहेबांना एवढंच सांगितलं की मशीन रिसेप्शनमध्ये ठेवावं लागेल. साहेबांनी डॉक्टरांना फोन केला आणि तोंड पाडून ठेवला.

"नाही म्हणतात. त्या खोलीत चालत नसेल तर वापस घेऊन जा म्हणतात. जयवंता, मशीन वापस आलं त सगळे डॉक्टर आपसात बोलतील. आणि काय बोलतील सांगू? पोरगी पाठवली होती म्हणून."

"मी चालवून दाखवते," जयवंता म्हणाली.

कसं, ते तिला माहीत नव्हतं. रविवारी ती एसटीने गावी गेली. बगीचात पोचली तर चंद्रभान विहिरीच्या काठावर घामाघूम होऊन बसला होता. मोटर घुरघुर करत होती आणि पाइपातून थेंब पडत नव्हता.

"पाइपात हवा भरली वं," तो म्हणाला. "आता कितीक बटन दाब, ते पानी उचलत नाही. त्याले वरून पानी दाखवा लागते. बादली आन."

ती बादलीवर बादली ओतत राहिली. पाइप गळ्यापर्यंत भरला. चंद्रभानने बटण दाबलं, मोटरचा सूर जाड झाला आणि पांढरंशुभ्र पाणी झाडांच्या आळ्यांत धावलं.

"आतून सुरू होत नसन त बाहेरून सुरू करून द्या लागते," चंद्रभान हात पुसत म्हणाला, आणि पोरीकडे पाहून थांबला. "काय झालं वं? अशी काहून पाहून राहिली?"

जयवंता जेवायलाही थांबली नाही. दुपारची एसटी धरून ती परतली.

सोमवारी तिने डॉक्टरांची औजारांची ट्रॉली मागून घेतली. बोळात ट्रॉलीवर मशीन मांडलं, लांब वायर जोडली आणि सुरू केलं. हिरवा कर्सर लुकलुकायला लागला. धंद्यातला पहिला धडा मोडायला तिचे हात तयार होत नव्हते. तिने उंबरठ्यावर जाड चादर अंथरली, श्वास धरला आणि चालू मशीन तसूतसूने पुढे ढकललं.

चाकं उंबरठ्यावरून गेली. पडदा हलला. कर्सर लुकलुकत राहिला.

डॉक्टरांनी स्वतः खुर्चीत बसून पहिल्या पेशंटचं नाव टाइप केलं. एका बोटाने, अक्षर शोधत. दवाखान्यात सगळ्यांसाठी आलूबोंडे मागवले गेले. यमुताईंनी जयवंताच्या डोक्यावरून हात फिरवला, पण त्यांचं लक्ष बोळाच्या टोकाकडे होतं.

"आणि बंद कसं करशील?" त्यांनी हळूच विचारलं.

जयवंताला तो प्रश्न तेव्हा समजला नाही. ओपीडी संपल्यावर तिने बटण दाबलं. खट्‌ असा आवाज झाला. पडदा तसाच उजळ. तिने पुन्हा दाबलं. मग खाली वाकून मशीनची वायर लांब वायरच्या सॉकेटमधून उपसली.

कर्सर लुकलुकत राहिला.

वायरीचं टोक तिच्या हातात होतं. मशीनचा पंखा शांतपणे फिरत होता. डॉक्टर खुर्चीतून उठले, त्यांनी तिच्या हातातला प्लग घेतला आणि त्याच्या पितळी पिना किती तरी वेळ निरखल्या.

"काढा ते बाहेर," यमुताई बोळातून ओरडल्या.

दोघांनी ट्रॉली ओढली. उंबरठा ओलांडताच पडद्यावरची अक्षरं आकसली, मधोमध एक ठिपका झाला आणि तोही विझला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आत आहे तोवर बंद होत नाही," ते म्हणाले.

"नाही होत. बाहेर चालू करायचं, आत न्यायचं. संध्याकाळी बाहेर काढायचं." जयवंताचा आवाज आनंदाने भरला होता. "वीज गेली तरी तुमचं काम अडणार नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी मान हलवली. ते तिच्याकडे पाहत नव्हते. रिकाम्या खोलीकडे पाहत होते.

त्यानंतर त्या दवाखान्याचा फोन आला नाही. कृष्णकांत साहेबांनी तिचा पगार वाढवला आणि मोठमोठ्या गिऱ्हाइकांकडे तिला एकटीला पाठवायला लागले. कशी काय दुरुस्ती केली, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

दिवाळी झाली. सदरच्या फुटपाथवर आंबिया बहाराची संत्री आली. ठरलेल्या सर्व्हिसिंगसाठी जयवंता रामदासपेठेला गेली, तेव्हा यमुताईंसाठी घरची संत्री पिशवीत होती.

कॉम्प्युटर रिसेप्शनमध्ये होता. कडूनिंबाची पानं आणि धूळ यांच्यात, उघड्यावर. शामला नावाची नवी मुलगी त्याच्यासमोर बसली होती. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

"आजीबाई कुठं आहेत?"

"बिमार आहेत," शामलाने बोळाकडे बोट केलं आणि लगेच खाली घेतलं. "आतल्या खोलीत."

डॉक्टर तिला स्वतः घेऊन गेले. त्यांची दाढी वाढली होती, पण चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. खोलीत टेबल नव्हतं. चाकांची लोखंडी खाट होती. सलाइनचा स्टँड नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. यमुताई पांढऱ्या चादरीखाली उताण्या पडल्या होत्या. डोळे उघडे.

"दिवाळीच्या तोंडावर झटका आला," डॉक्टर म्हणाले. "मेडिकल कॉलेजला न्यायची वेळ नव्हती. माझ्या हातात नाडी सुटत चालली होती. तेव्हा मला तुम्ही आठवलात."

जयवंता खाटेजवळ गेली.

"काही लागत नाही तिला. अन्न नाही, पाणी नाही, औषध नाही." त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "बघा, सगळं चालू आहे. ओठसुद्धा बघा. जप करत होती तेव्हा, तोही थांबला नाही."

यमुताईंची छाती वर होत होती, खाली होत होती. अगदी सारख्या अंतराने. ओठ हलत होते.

बाहेरून सिस्टरने हाक मारली. लेबर रूममध्ये कुणाची तरी वेळ भरली होती. डॉक्टर गेले.

जयवंताने पिशवी खाली ठेवली आणि यमुताईंचा हात धरला. तो भिंतीइतका गार होता. बोटं ताठरली होती. नखांखालची कातडी काळसर झाली होती, आणि चादरीखालून एक गोडसर वास येत होता, टोपलीच्या तळाशी राहून गेलेल्या फळासारखा.

छाती वर होत होती, खाली होत होती.

तिने कान ओठांजवळ नेला.

आवाज नव्हता. नुसती हवा. पण त्या हवेत शब्द होते, आणि ते देवाचे नव्हते.

"नको रे, गिरिधर. नको रे, गिरिधर. नको रे."

जयवंता सरळ झाली. मग वाकून खाटेच्या चाकांच्या कड्या एकेक करून सोडवल्या.

खाट जड होती. तिने खांदा लावला.

चाकांचा आवाज ऐकून परतलेले डॉक्टर उंबरठ्यासमोर बोळ अडवून उभे होते. हातमोजे तसेच, ओले.

"बाजूला व्हा, डॉक्टर."

त्यांनी खाटेची दांडी धरली.

"त्या जप करत नाहीत," जयवंता म्हणाली. "वाकून ऐका."

"ऐकलंय मी," डॉक्टर म्हणाले. "रोज ऐकतो."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. ते आईकडे. मग तिने पुन्हा खांदा लावला. एवढा, की हाड दुखलं. दांडी त्यांच्या हातमोज्यांतून सरकली.

पुढची चाकं उंबरठ्याबाहेर आली. मग मागची.

यमुताईंनी एक लांब श्वास सोडला. ओठ मिटले. कित्येक दिवसांचा ताण एकदम उतरावा तसा चेहरा सैल पडला आणि पापण्या अर्ध्या झाकल्या. त्या डॉक्टरांनी हाताने पूर्ण मिटवल्या. मग ते बोळातच खाली बसले आणि लहान मुलासारखे हमसून रडायला लागले. लेबर रूममधून नव्या बाळाचा आवाज आला. बायका दारांशी गोळा झाल्या.

जयवंता पिशवी आणायला वळली, आणि उंबरठ्याशी थबकली.

खोलीत कुणी नव्हतं. जाड भिंती, वर झरोका, खाली फरशीवर संत्र्यांची पिशवी. डॉक्टरांचं रडणं ओसरलं, बाळ गप्प झालं, आणि मग त्या रिकाम्या गारव्यातून, खाट होती तेवढ्याच उंचीवरून, ते पुन्हा नीट ऐकू यायला लागलं.

"नको रे, गिरिधर. नको रे."